तेलातील थेंब आणि मँगॅनीजची तीन ऑक्साइडे

तेलकट भांडे साबणाने घासले असता तेल पाण्याबरोबर निघून जाते, हे आपण रोज पाहतो. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्याला धरते, दुसरे तेलाला. असे असंख्य रेणू तेलाच्या सूक्ष्म कणास वेढून त्याला पाण्यात तरंगत ठेवतात. आता हाच प्रकार उलट करावयाचा: तेल पुष्कळ आणि पाणी थोडे. मग पाण्याचेच थेंब तेलात विखुरतात व प्रत्येकाभोवती साबणसदृश द्रव्याचे कवच बनते. या थेंबांचा व्यास काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या काही पट, एवढाच असतो.

दिल्लीच्या हौज खास भागातील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये प्रा. अशोक गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे थेंब रासायनिक क्रियेचे पात्र म्हणून वापरले. २००४ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे एक संशोधन मँगॅनीजविषयी आहे. भंडारा व नागपूर जिल्ह्यांतील खाणींमुळे ही धातू मराठी वाचकास परकी नाही.

एका भांड्यातील थेंबांत मँगॅनीजचे लवण व दुसऱ्यातील थेंबांत ऑक्झॅलेट घेऊन दोन्ही मिसळली, की थेंब एकमेकांवर आदळतात, क्षणभर एकजीव होतात आणि आतील द्रव्यांची देवाणघेवाण होते. मँगॅनीज ऑक्झॅलेट पाण्यात फारसे विरघळत नसल्याने त्याचा साका बनतो. साध्या चंचुपात्रात हे विद्राव एकत्र ओतले असते, तर लहानमोठे कण वाटेल तसे वाढले असते. थेंब गोल, तेव्हा कणही गोल निघावेत, अशी आपली अपेक्षा. पण निघाल्या त्या सूक्ष्म काड्या! थेंबाला मुशीची उपमा देण्याचा मोह होतो खरा, परंतु ती येथे लंगडी पडते. थेंब वारंवार जुळत असल्याने स्फटिकास द्रव्याचा पुरवठा होत राहतो, आणि तो एकाच दिशेने लांबू शकतो.

या काड्या तापविल्या म्हणजे कार्बनचे वायू निघून जातात व ऑक्साइड उरते. नायट्रोजनच्या वातावरणात मँगॅनीजच्या एका अणूस ऑक्सिजनचा एक अणू लाभतो. मोकळ्या हवेत दोनांस तीन. तापमान व भोवतालचा वायू काटेकोरपणे राखल्यास तिसरे, म्हणजे तिनांस चार अशा प्रमाणाचे ऑक्साइडही शुद्ध मिळते. हे तिसरे मोठे कुतूहलाचे आहे. सुमारे उणे २३० अंश सेल्सियसखाली ते चुंबकीय गुण दाखविते. काडीचा आकार मात्र राहत नाही. हाती येतात ते नॅनोमीटरांत मोजावे लागणारे कण.

रीत नाजूक आहे, तशी खर्चिकही. चिमूटभर चूर्णासाठी तेल पुष्कळ लागते आणि कणांना चिकटलेले साबणद्रव्य पुन्हा पुन्हा धुऊन काढावे लागते.