साखळी जोडायची नाही, कोरायची!

वेल्समधल्या लव्हस्पूनचं मला भलतंच वेड आहे. आवडत्या मुलीला द्यायला पोराने स्वतःच्या हाताने कोरलेला लाकडी चमचा! कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स संग्रहालयात १६६७ सालचा एक जपून ठेवलाय.

मूळ चमचे अगदी साधे, घरात सूप प्यायचे. त्यासाठी सिकॅमोरचं लाकूड आवडीचं, कारण ते अन्नाला वास-चव लावत नाही. पुढे दांडा रुंद होत गेला, नक्षी वाढली आणि चमचा खाण्यापेक्षा भिंतीवर टांगायचा झाला. बदाम म्हणजे प्रेम, चाक म्हणजे ‘तुझ्यासाठी राबेन’, किल्ली म्हणजे घर. दांड्यात कोरलेल्या पिंजऱ्यातल्या गोळ्या मोजून म्हणे मुलं किती हवीत ते सांगायचं! (असे अर्थ बरेचसे मागाहून चिकटलेले असावेत, असं आपलं माझं मत.)

खरी गंमत दांड्यात कोरलेल्या साखळीत. कड्या जोडलेल्या नसतात, अख्खा चमचा एकाच लाकडातला. आधी चौकोनी दांड्याचे चारही कोपरे कापून अधिकच्या चिन्हाचा (+) आकार काढायचा. मग उभ्या पात्यात एक कडी, आडव्या पात्यात पुढची, असं आखून मधलं लाकूड चाकूच्या टोकाने कण-कण काढायचं. शेवटचा तुकडा सुटला की कडी खुळखुळते. कडीच्या दोन्ही टोकांना मात्र लाकडाच्या रेषा आडव्या जातात आणि नेमकी तिथेच ती तुटते. माझ्या तीन तुटल्यात. चौथी सध्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलीय, लाकूड वाळून कडक होऊ नये म्हणून.