फराळाचे ताट आणि पोटाचे माप

फराळाचे पदार्थ आकाराने लहान, पण ऊर्जेला जड असतात. लाडू, करंजी, शंकरपाळे, चकली, शेव, चिरोटे, अनारसे या सगळ्यांत पीठ आणि तूप-तेल भरपूर, बहुतेकांत साखर किंवा गूळ आणि पाणी मात्र नावापुरते. पिष्टमय पदार्थ आणि साखर यांच्या एका ग्रॅमातून सुमारे ४ कॅलरी मिळतात, तर तूप-तेलाच्या एका ग्रॅमातून ९. वाटीभर कोशिंबीर पोटात जागा अडवते, कारण तिच्यात पाणी आणि चोथा असतो. मूठभर शेव खाल्ल्याचे पोटाला कळतही नाही. सणात जास्त खाल्ले जाते त्याचे पहिले कारण हेच.

एका लाडवाचा हिशेब

अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि ४०० ग्रॅम पिठीसाखर घेतली, तर मध्यम आकाराचे साधारण ३० लाडू वळले जातात. एका लाडवाच्या वाट्याला सुमारे ८ ग्रॅम तूप आणि १३ ग्रॅम साखर येते. बेसन धरून एकूण ऊर्जा होते १९० कॅलरीच्या आसपास, म्हणजे जवळपास दोन पातळ फुलक्यांइतकी. ६० किलो वजनाच्या माणसाला ती चालून खर्च करायची, तर पाऊण ते एक तास लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या शिफारशीनुसार वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, शक्यतो ५ टक्क्यांच्या आत असावी. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० आणि २५ ग्रॅम. दोन लाडवांत २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडली जाते आणि चहातली साखर अजून मोजायचीच असते. लाडू वर्ज्य करावा असे या हिशेबातून निघत नाही. एका वेळी एक पुरे, एवढे मात्र निघते.

पोटाचा निरोप

रिकाम्या जठराची पोकळी १०० मिलिलिटरहूनही कमी असते; जेवताना ते सैलावून लिटरभर अन्न सामावून घेते. जठर ताणले गेले आणि अन्न आतड्यात उतरू लागले, की मज्जातंतू आणि संप्रेरके तृप्तीचा निरोप मेंदूला पोचवतात. तो पुरता पोचायला सुमारे २० मिनिटे लागतात. दहा मिनिटांत जेवण उरकणाऱ्याचे ताट निरोपाच्या आधीच रिकामे झालेले असते.

आयुर्वेदाने हा मुद्दा मापाच्या भाषेत मांडला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पोटाचे तीन भाग कल्पिले आहेत: एक घन अन्नाचा, एक द्रवाचा आणि एक वात-पित्त-कफांसाठी मोकळा. अष्टांगहृदयात भाग चार आहेत: दोन अन्नाचे, एक पेयाचा, एक वायूचा. विभागणी वेगळी असली तरी एक भाग रिकामा ठेवण्यावर दोन्ही ग्रंथ ठाम आहेत.

पोट भरल्यावरही श्रीखंडाला जागा निघते, यालाही कारण आहे. एकच चव खात राहिले की तिची गोडी उतरते; नवी चव समोर आली की खाण्याची इच्छा पुन्हा जागी होते. बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ साली हे प्रयोगातून दाखवले. आठ पदार्थांची बशी म्हणजे खाण्याची आठ निमंत्रणे असतात.

माप वाढप्याच्या हाती

माणूस एकट्याने खातो त्याहून चारचौघांत जास्त खातो. जॉन डी कॅस्ट्रो यांनी लोकांना खाण्याच्या नोंदवह्या ठेवायला लावून हे तपासले: सोबत असली की जेवण लांबते आणि जितके लांबते तितके जास्त पोटात जाते. मराठी पंगतीत यावर आग्रहाची भर पडते. ‘अहो, एक तरी घ्या’, ‘बरं, अर्धी घ्या’ असे म्हणत वाढपी पुढे येतो आणि आडवा हात धरेपर्यंत पुरणपोळी पानात पडलेली असते. पानात टाकायचे नाही ही शिकवणही लहानपणापासूनची. या दोन चांगल्या रीती एकत्र आल्या, की किती खायचे हे खाणारा ठरवत नाही, वाढणारा ठरवतो.

म्हणून उपायही वाढण्यापासून सुरू होतो. पहिली वाढ लहान करावी आणि पुढची मागितल्यावर द्यावी. फराळाची बशी लहान ठेवावी, डबे समोर उघडे मांडू नयेत. दिवसभरात चार घरी जायचे असेल, तर प्रत्येक घरी एखादाच जिन्नस घ्यावा; बाकीचा पुडीत बांधून दिला तर यजमानाचाही मान राहतो.

ताटाची डावी बाजू

मराठी ताटात मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे असते. सणाच्या दिवशी डावी बाजू चमचाभरच उरते. ती वाढवली आणि आधी खाल्ली तर फरक पडतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांच्या २०१५ मधील एका छोट्या अमेरिकी अभ्यासात भाज्या आणि प्रथिने आधी, पिष्टमय पदार्थ नंतर खाल्ल्यावर रक्तातली साखर कमी चढली. म्हणजे कोशिंबीर, उसळ आधी आणि भात, पोळी, गोड मागून. रात्रीच्या बेतासाठी दुपारी उपाशी राहणे मात्र अंगावर येते, कारण कडकडीत भुकेपुढे माप टिकत नाही.

फराळ तळणीचाच हवा असेही नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या सकाळी नरकासुर जाळल्यावर पोह्यांचा मान असतो: दुधातले, ताकातले, गूळ-खोबऱ्याचे, तिखट. ओलाव्यामुळे ते लवकर पोट भरतात.

मधुमेह आणि रक्तदाब

भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर आहेत, असा अंदाज भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीतून २०२३ साली प्रसिद्ध झाला. मधुमेहींनी गोड खायचेच असेल, तर ते रिकाम्या पोटी न घेता जेवणात, भात-पोळी तेवढी कमी करून घ्यावे. गोळ्या-इन्सुलिनचे प्रमाण स्वतःच्या अंदाजाने बदलू नये. गुळाचा लाडू साखरेच्या लाडवाइतकाच जपून खावा. ‘शुगर-फ्री’ मिठाईतही मैदा आणि तूप असतेच. रक्तदाब असणाऱ्यांनी चिवडा, शेव आणि चकलीतले मीठ लक्षात ठेवावे. प्रौढांनी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी मीठ खावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

जेवणानंतरची शतपावली हा जुना उपाय पक्का आहे. चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात; दहा-पंधरा मिनिटेही उपयोगी पडतात. लगेच आडवे झाल्यास आम्ल वर येते, म्हणून जेवण आणि झोप यांत दोन-तीन तास असावेत.

सणानंतरचे डबे

सणात वाढलेले वजन आपोआप उतरत नाही. अमेरिकेत १९५ प्रौढांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वर्षअखेरच्या सणांच्या काळात सरासरी वाढ फक्त ०.३७ किलो आढळली, पण ती पुढे उतरलीही नाही. वाढ एवढीशी असल्याने ती ध्यानात येत नाही आणि वर्षावर वर्ष साठत जाते. भाऊबीजेनंतर उरलेले डबे संपवायची घाई तिला हातभार लावते. वास्तविक तळलेल्या आणि भाजलेल्या पदार्थांत ओलावा नसल्यामुळेच फराळ टिकतो. चिवडा, शंकरपाळे, चकल्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात दोन-तीन आठवडे चांगल्या राहतात. पाच दिवसांत संपवावा असा हा खाऊ मुळातच नव्हे.