काळी मिरी, लाल मिरची: फ्रान्समधल्या छावणीतली पत्रे

पहिल्या महायुद्धात हिंदी पलटणी सप्टेंबर १९१४ पासून फ्रान्सच्या मार्सेय बंदरात उतरू लागल्या. त्या पायदळाने वर्षभराहून अधिक काळ चिखलाच्या खंदकांत आणि आघाडीमागच्या मुक्कामांत काढला. खंदकातली पाळी संपली की जवान शेतघरांत, गोठ्यांत राहत. कपडे धुणे, शस्त्रे पुसणे, कवायत आणि मग पत्रलेखन असा दिवस जाई.

बहुतेकांना लिहिता येत नसे. चार अक्षरे जाणणारा एखादा सोबती मजकूर उतरवून घेई. गावी आलेले पत्रही दुसराच कोणी मोठ्याने वाचून दाखवी. त्यामुळे मनातले गुपित कागदावर येणे अवघडच होते. त्यात लष्कराने पत्रतपासणीची कचेरी बसवली. फ्रान्समधल्या या कचेरीत निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे केले जात. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, आणि साध्या शिपायाचे मन दाखवणारे इतके जिवंत साधन दुर्मीळच.

तपासनिसाला चुकवण्यासाठी सांकेतिक बोली वापरली जाई. हिंदी शिपाई म्हणजे काळी मिरी, गोरे म्हणजे लाल मिरची. काळी मिरी संपत आली असे लिहिले, की किती माणसे पडली हे घरच्यांनी ओळखावे.

पत्रांत मरणाची छाया आहे, तशीच शेतीभातीची, कर्जाची, गुराढोरांची चौकशीही. फ्रान्समध्ये बायका शेती सांभाळतात, मुली शाळेत जातात, हे पाहून काहींनी आपल्याही मुलींना शिकवा असे घरी कळवले. १९१५ च्या अखेरीस हे पायदळ मेसोपोटेमियाकडे रवाना झाले.