वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया : कुपाची मंजुरी आणि आपली तयारी



मधुमेह, ब्लडप्रेशर, गुडघेदुखी आणि रात्रीचे घोरणे ही चार दुखणी पुष्कळदा एकाच माणसात एकत्र नांदतात. त्यांच्या मुळाशी वाढलेले वजन असेल, आणि पथ्य व औषधे करूनही ते हटत नसेल, तर डॉक्टर कधी ना कधी ‘नितुआख’ हा शब्द काढतात. घरात लगेच दोन पक्ष पडतात. मुले म्हणतात, “करून टाका.” आपण म्हणतो, “या वयात पोटाला सुरी कशाला?” दोन्ही पक्षांनी निर्णयाआधी जे माहीत करून घ्यावे, ते या अंकात पाहू.

ही शस्त्रक्रिया म्हणजे काय?

पोटावरची चरबी कापून काढणे म्हणजे ही शस्त्रक्रिया नव्हे. हे काम जठरावर होते. इथे दोन प्रकार जास्त चालतात. पहिला ‘शर्वुल’, म्हणजे बाही. यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात आणि उरलेले जठर शर्टाच्या बाहीसारखे अरुंद होते. दुसरा ‘मआकाफ’, म्हणजे बायपास. यात जठराची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात, त्यामुळे अन्न कमी जाते आणि कमी शोषलेही जाते. दोन्ही कामे दुर्बिणीने, लहान छिद्रांतून होतात. वर्ष-दीड वर्षात मूळ वजनाचा साधारण पाव हिस्सा उतरतो. मधुमेह व ब्लडप्रेशर पुष्कळांचे आटोक्यात येते, काहींच्या गोळ्या सुटतात. ज्यांना छातीत जळजळ होते, त्यांची जळजळ शर्वुलनंतर वाढू शकते. हे दुखणे असेल तर सर्जनला आधीच सांगावे.

कोणाला मिळते?

हिशोब ‘बीएमआय’वर चालतो. वजन किलोत घ्यावे आणि उंची मीटरमध्ये घेऊन तिला तिनेच गुणावे, मग वजनाला त्या आकड्याने भागावे. उदाहरण घ्या : उंची 1.60 मीटर, वजन 92 किलो. 1.60 गुणिले 1.60 म्हणजे 2.56. 92 भागिले 2.56 म्हणजे जवळजवळ 36.

बीएमआय 40 किंवा जास्त असेल, अथवा 35 च्या वर असून मधुमेह, ब्लडप्रेशर किंवा झोपेत श्वास अडकणे अशी दुखणी असतील, तर विचार होतो. हा जुना, सर्वत्र चालत आलेला दंडक आहे. मधुमेह औषधांनी आवरत नसेल तर त्याहून कमी बीएमआयवरही डॉक्टर विषय काढू शकतात. आपल्यासारख्या हिंदुस्थानातून आलेल्या लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो, हेही डॉक्टरांच्या ध्यानी आणून द्यावे.

पासष्टीनंतर प्रत्येकाचा विचार वेगळा होतो. तेव्हा नुसते वय पाहून भागत नाही. हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंड कशी आहेत, हाडे किती ठिसूळ आहेत, खुर्चीतून हात न टेकता उठता येते का, स्मरणशक्ती ठीक आहे का, घरी मदतीला कोण आहे, हे सगळे पाहतात. वजन उतरताना चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि म्हातारपणी गेलेला स्नायू परत मिळवणे कठीण असते. म्हणून काही वडीलधाऱ्यांना शस्त्रक्रियेपेक्षा आहार, व्यायाम आणि आठवड्याची नवी इंजेक्शने हाच मार्ग बरा पडतो. डॉक्टरांना सरळ विचारावे : “माझ्यासाठी दुसरा उपाय कोणता, आणि काहीच केले नाही तर काय होईल?”

मंजुरीची वाट

1995 पासून लागू झालेल्या आरोग्य विमा कायद्यामुळे इथला प्रत्येक रहिवासी क्लालित, मक्काबी, मेउहेदेत किंवा लेउमित यांपैकी एका कुपाचा सभासद असतो. अटींत बसणाऱ्या रुग्णाची ही शस्त्रक्रिया सरकारी ‘साल’मध्ये येते. मात्र तिथवर पोचायला पायऱ्या आहेत. क्रम कुपाप्रमाणे थोडाफार बदलतो, तरी साधारण असा असतो :

1. कुटुंबाच्या डॉक्टरकडून ‘हफनाया’, म्हणजे पुढे पाठवण्याची चिठ्ठी. त्यात उंची, वजन, सगळी दुखणी आणि चालू औषधे लिहिलेली हवीत.

2. आहारतज्ज्ञांच्या भेटी. आधी वजन उतरवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला होता, याची नोंद इथे होते. पहिल्या भेटीचे वजन तारखेसह लिहून घ्यायला सांगा. प्रत्येक भेटीचा कागद जपून ठेवा.

3. तपासण्या. रक्त (साखरेची तीन महिन्यांची सरासरी, लोह, बी-12, डी जीवनसत्त्व, थायरॉइड), ईसीजी, पोटाची सोनोग्राफी, जठराची दुर्बिणीने तपासणी आणि घोरणाऱ्यांसाठी झोपेची तपासणी. जठरात हेलिकोबॅक्टर जंतू निघाले तर आधी त्यांचे औषध होते.

4. मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेविकेशी बोलणे. याला घाबरू नये. कोणी वेडेपणा शोधत नाही. दुःखात किंवा एकटेपणात खाणे वाढते का, सूचना समजतात का, घरचा आधार आहे का, एवढेच पाहतात. खरे बोलावे.

5. इस्पितळाच्या लठ्ठपणाच्या मिर्पाआमध्ये सर्जन आणि गटाचा निर्णय.

6. शेवटी कुपाचा ‘तोफेस 17’. म्हणजे अमुक इस्पितळातल्या अमुक शस्त्रक्रियेचा खर्च कुपा देईल, ही लेखी हमी. त्यावरचे इस्पितळाचे नाव, शस्त्रक्रियेचे नाव आणि मुदत वाचून घ्या. तारीख पुढे गेली तर नवा तोफेस मागावा लागतो.

इस्पितळ निवडताना नुसते नाव पाहू नका. पुढे अनेक वर्षे तपासणीला तिथेच जायचे असते. दिमोनाच्या माणसाला बेर शेवाचे सोरोका जवळ पडते. नाव ऐकून तेल अवीवला गेलेला माणूस पुढे तपासण्याच चुकवू लागतो.

नकार आला तर

नकार तोंडी ऐकून घरी येऊ नका. कारण लेखी मागा. पुष्कळदा एखादी तपासणी किंवा आहारतज्ज्ञाचा कागद राहिलेला असतो, आणि तो दिला की काम पुढे सरकते. कारण पटत नसेल तर कुपाकडेच फेरविचार मागता येतो. 1996 च्या रुग्ण हक्क कायद्याने आपल्याला दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा, आपल्या नोंदींची प्रत मागण्याचा आणि समजेल अशा रीतीने माहिती मिळण्याचा हक्क दिला आहे. तरीही अडले तर आरोग्य मंत्रालयात कुपांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी आहे. मंत्रालयाचा फोन *5400. हिब्रू कमी येत असेल तर मुलाला, सुनेला किंवा नातवाला बरोबर न्या, पण सही करण्याआधी स्वतःला समजले पाहिजे.

शस्त्रक्रियेपूर्वीचे दिवस

मंजुरीची वाट पाहण्यात महिने जातात. ते वाया घालवू नयेत.

सिगारेट पूर्ण बंद, निदान सहा आठवडे आधी. रोज चालणे. दोन जेवणांमध्ये चरणे बंद. घास बारीक चावून, सावकाश खाण्याची सवय आतापासून लावावी. जेवताना पाणी न पिता अर्ध्या तासाने घोट घोट पिण्याचा सराव करावा. दात किंवा कवळी ठीक करून घ्यावी, कारण पुढे चावणे हेच मोठे काम असते.

शेवटचे दोन आठवडे बहुतेक ठिकाणी कमी उष्मांकांचा आहार देतात. त्याने यकृत आकसते आणि सर्जनला जठरापर्यंत पोचणे सोपे जाते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हा आहार डॉक्टरांना न विचारता सुरू करू नये, साखर एकदम उतरू शकते.

औषधांची पूर्ण यादी करा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची औषधे, आठवड्याची इंजेक्शने, आयुर्वेदिक काढे, सगळे लिहा. कोणते केव्हा बंद करायचे हे भूल देणारे डॉक्टर ठरवतील. मनाने काही बंद करू नये.

नंतर काय बदलते?

पहिले आठवडे पातळ, मग गाळलेले, मग मऊ, मग नेहमीचे अन्न. जेवणाची सुरुवात प्रथिनांनी : अंडे, मासा, कोंबडी, दही, मूगडाळ. दिवसाला 60 ग्रॅम किंवा जास्त प्रथिने लागतात. भात, चपाती त्यानंतर, जागा उरली तर. गोडाचे मात्र जपून. हलवा, मलिदा किंवा गोड शरबत भराभर पोटात गेले तर विशेषतः बायपासवाल्यांना घाम, धडधड आणि जुलाब होतात. सणाला चमचाभर चाखावे, ताट भरू नये. दारू लवकर चढते, तीही टाळावी.

जीवनसत्त्वे, बी-12, कॅल्शियम, डी, लोह ही जन्मभराची सोबत आहे. ती सोडली तर पंडुरोग आणि हाडांचा ठिसूळपणा येतो. गुडघे दुखले म्हणून आयबुप्रोफेन किंवा व्होल्टारेनच्या गोळ्या घेऊ नयेत, बायपासनंतर त्यांनी जखम होऊन रक्त जाऊ शकते. ब्लडप्रेशरच्या गोळ्या जुन्याच मात्रेत चालू राहिल्या तर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो, म्हणून पहिल्या आठवड्यातच कुटुंबाच्या डॉक्टरला भेटावे. किप्पूर किंवा तिशा बेआवचा उपास पहिल्या काळात डॉक्टर आणि रब्बी दोघांना विचारल्याशिवाय धरू नये. छोट्या जठरात एका वेळी पाणी मावत नाही, म्हणून एक दिवस पाण्याविना राहिल्यावर ते भरून काढता येत नाही.

पुढील गोष्टी दिसल्या तर तोर मिळण्याची वाट पाहू नये, सरळ मियूनला जावे : ताप, वाढती पोटदुखी, नाडी 120 च्या वर, धाप, एका पायाला सूज, काळा शौच. उलटी थांबत नसेल तरीही जावे. सतत उलटीने बी-1 जीवनसत्त्व संपते आणि मेंदूला इजा होते.

निर्णय आपला आहे. मुलांच्या आग्रहाने हो म्हणू नका, शेजारणीच्या भीतीने नाही म्हणू नका. एका वहीत डाव्या बाजूला आजच्या अडचणी लिहा आणि उजव्या बाजूला जन्मभर पाळायच्या गोष्टी. ती वही घेऊन डॉक्टरपुढे बसा.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो.