अल्गार्वचं ऊन आणि घराची कागदपत्रं

पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरचा अल्गार्व म्हणजे वर्षाला तीन हजार तासांहून जास्त ऊन, चुन्याने रंगवलेली पांढरी घरं, अंजीर-बदामाची झाडं आणि समोर अटलांटिक. १९६५ साली फारोला विमानतळ झाला आणि इंग्लंड-जर्मनीच्या निवृत्त मंडळींची इथे रीघ लागली. लागोस, ताविरा, आल्बुफेइरा या गावांच्या आसपास परदेशी मालकांच्या वसाहतीच उभ्या राहिल्या. अलीकडे आपल्याकडची माणसंही या घरांची चौकशी करतात. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. जुलैत समुद्र बघून घर पसंत करणं अगदी सोपं आहे. पसंतीनंतरचं सगळं मात्र सावकाश समजून घ्यावं लागतं.

पहिली गोष्ट, घर तुमच्या नावावर झालं म्हणून त्या देशात राहायचा हक्क मिळत नाही. पोर्तुगालने २०१२ साली 'गोल्डन व्हिसा' आणला, तेव्हा साधारण पाच लाख युरोंच्या घरामागे निवासाचा परवाना मिळत असे. घरांच्या किमती स्थानिकांच्या आवाक्याबाहेर गेल्याची ओरड वाढली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा हा रस्ता कायद्याने बंद झाला. जुन्या जाहिराती अजून फिरतात, त्यांना भुलू नये. पेन्शन किंवा भाड्यावर जगणाऱ्यांसाठी 'डी-७' व्हिसा आहे. त्यासाठी एकट्या अर्जदाराचं नियमित उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं, म्हणजे २०२५ च्या हिशेबाने महिन्याला ८७० युरो, दाखवावं लागतं. पण तो प्रत्यक्ष तिथे राहणाऱ्यांसाठी आहे. सलग सहा महिने देशाबाहेर राहिलात तर परवाना धोक्यात येतो. व्हिसा नसेल तर स्वतःच्या घरातही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं, आणि तेवढ्यासाठीही भारतीयाला शेंगेन व्हिसा लागतोच.

आता कागद. कराचा क्रमांक काढल्याशिवाय तिथे काहीच हलत नाही. मग दोन उतारे मागवायचे. एक नोंदणी कार्यालयाचा, ज्यावर मालक कोण आणि बोजा किती हे दिसतं. दुसरा कर खात्याचा, 'कादेर्नेता', ज्यावर क्षेत्रफळ, खोल्या आणि करासाठी धरलेली किंमत असते. हे दोन्ही उतारे हातात घेऊन घरात फिरावं. कागदावर दोन खोल्या आणि प्रत्यक्षात तीन, किंवा मागे पोहण्याचा तलाव आणि कागदावर त्याचा पत्ताच नाही, असं सर्रास आढळतं. जानेवारी २०२४ पासून खरेदीखताच्या वेळी घराचा वापर-परवाना दाखवण्याची सक्ती उठली. व्यवहार वेगाने व्हावेत हा हेतू, पण तपासणीचा भार त्यामुळे घेणाऱ्याच्या डोक्यावर आला.

सगळ्यात मोठा धोका डोंगराकडच्या पडक्या दगडी घरांचा. चार भिंती, कोसळलेलं छप्पर, भोवती बदामाची बाग आणि किंमत मोहात पाडणारी. उतारा बघावा तर जमीन 'रुस्तिका', म्हणजे शेतीची, आणि त्या भिंती म्हणजे अवजारांची कोठी. राखीव शेतजमिनीत किंवा पर्यावरण-राखीव पट्ट्यात ती पडली असेल, तर तिथे राहतं घर बांधायची परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य. शिवाय लहान शेतजमीन विकली जाताना शेजारच्या शेतकऱ्याला पहिला हक्क असतो, आणि मूळ मालकाचे वारस फ्रान्सपासून ब्राझीलपर्यंत पांगलेले असतात. त्या प्रत्येकाची सही लागते.

गोव्याच्या वाचकांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने घडवलेल्या कौटुंबिक कायद्यामुळे गोव्यात आजही घर विकताना नवरा-बायको दोघांच्या सह्या घेतात, आणि वारसांचा ठरावीक हिस्सा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही. १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांपैकी अनेकांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं आहे. त्यांना व्हिसाची अडचण नाही, मात्र भारतीय नागरिकत्व गमवावं लागतं.

व्यवहार ठरला की इसाराचा करार होतो. घेणारा फिरला तर इसार बुडाला, विकणारा फिरला तर त्याने दुप्पट परत करायचा. खरेदीखताच्या दिवशी नोटरी सगळा दस्त मोठ्याने वाचून दाखवतो. पोर्तुगीज येत नसेल तर दुभाष्या बरोबर हवा. वकील आपण शोधलेला असावा, दलालाने सुचवलेला नको. किमतीवर ०.८ टक्के मुद्रांक शुल्क, त्याशिवाय किमतीप्रमाणे चढत जाणारा हस्तांतरण कर, आणि पुढे दरवर्षी घरपट्टी.

आणि मग हिवाळा. जानेवारीत फारोला दुपारी सोळा अंश आणि पहाटे सात-आठ. ऐकायला हे काहीच नाही. पण १९९० पूर्वी बांधलेल्या घरांना थंडी-उष्णता अडवण्याचा नियमच लागू नव्हता. भिंती पातळ, जमिनीला टाइल्स, घर तापवण्याची सोय नाही. बाहेर अंगणात उन्हात बसलेला माणूस घरात शिरताना स्वेटर चढवतो, आणि कपाट सरकवलं की मागच्या भिंतीवर काळी बुरशी दिसते. युरोपीय संघाच्या पाहणीत २०२३ साली घर पुरेसं उबदार ठेवू न शकणाऱ्यांचं प्रमाण पोर्तुगालमध्ये सुमारे २१ टक्के, स्पेनच्या बरोबरीने सर्वाधिक होतं. म्हणून माझा आग्रह आहे: नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान, व्हिसात बसतील तेवढे दिवस, त्याच गावात भाड्याने राहून बघा. तेवढ्यात सरकारी दवाखान्यात डॉक्टर मिळतो का, बाजार बंद असताना गाव कसं असतं, हेही कळतं. पाण्याचीही चौकशी करा. २०२४ च्या फेब्रुवारीत धरणं आटल्यामुळे अल्गार्वमध्ये शहरी वापरात १५ टक्के आणि शेतीत २५ टक्के कपात लावावी लागली होती. मोंशिकच्या डोंगरात घर बघत असाल तर २०१८ च्या ऑगस्टमध्ये तिथली हजारो हेक्टर जंगलं जळाली होती, हेही विचारात घ्या.

भारतातून पैसे पाठवण्याला मर्यादा आहे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात; घरातले दोघं-तिघं मिळून घर घेऊ शकतात. दहा लाख रुपयांच्या वर बँक २० टक्के कर कापून घेते, तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर तेवढी रक्कम अडकते. परदेशातलं घर दरवर्षी विवरणपत्रात दाखवावं लागतं. ते लपवलं तर काळ्या पैशाच्या २०१५ च्या कायद्याखाली दहा लाखांचा दंड होऊ शकतो.

मृत्युपत्राचा विषय बहुतेकांच्या यादीत सगळ्यात शेवटी असतो, तो आधी घ्यावा. ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय संघाच्या नियमानुसार माणूस जिथे कायम राहत होता, त्या देशाचा वारसा कायदा लागतो. म्हणजे ताविरात स्थायिक झालेल्या जोडप्याच्या घराची वाटणी पोर्तुगीज पद्धतीने होणार, मुलांचा हिस्सा कायद्याने ठरलेला. तसं नको असेल तर आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा कायदा लागू व्हावा, असं मृत्युपत्रात स्पष्ट लिहिता येतं. खरेदीखत करणाऱ्या वकिलाकडूनच ते त्याच आठवड्यात करून घ्यावं आणि त्याची एक प्रत भारतातल्या मुलांकडे द्यावी.