मैदान कुठे बांधायचं? लिव्हरपूल शहराचा जुना वाद

पाण्याची टाकी कुठे बांधायची, अंगणवाडी कोणत्या वस्तीत, एसटीचा थांबा कोणत्या फाट्यावर, यावरून गावात किती दिवस बोलणं चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. टाकी हवी, यावर सगळ्यांचं एकमत असतं. गाडी अडते ती जागेवर. आजच्या भागात आम्ही तुम्हाला असाच एक मोठा वाद सांगणार आहोत. हा वाद इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरात झाला. प्रश्न होता, फुटबॉलचं नवं स्टेडियम कुठे बांधायचं?

लिव्हरपूलमध्ये फुटबॉलचे दोन मोठे क्लब आहेत. एक शहराच्याच नावाचा, दुसरा एव्हर्टन. एव्हर्टनचा क्लब आधी अ‍ॅनफिल्ड नावाच्या मैदानावर खेळायचा. जागेच्या मालकाशी भाड्यावरून बिनसलं आणि १८९२ मध्ये क्लबने जवळच, एका बागेच्या पलीकडे, गुडिसन पार्क हे स्वतःचं मैदान केलं. मालकाकडे मैदान रिकामं राहिलं, म्हणून त्याने दुसरा क्लब काढला. तोच आजचा लिव्हरपूल क्लब. म्हणजे या शहरात दोन क्लब झाले तेच मुळी जागेच्या भांडणातून.

गुडिसन पार्क भर वस्तीत आहे. चारी बाजूंना घरांच्या रांगा, कोपऱ्याला चर्च, जवळच शाळा. सामन्याच्या दिवशी आजूबाजूच्या दुकानांचा आणि खानावळींचा धंदा होतो. पण मैदान जुनं झालं. खांबांमुळे काही जागांवरून खेळ नीट दिसत नसे, आणि वाढवायला कुठेच जागा नव्हती. नवं मैदान हवं, हे बहुतेकांना पटलं होतं. मग जागा शोधणं सुरू झालं.

पहिली जागा नदीकाठची, शहराच्या मध्यभागी, किंग्ज डॉक नावाची जुनी गोदी. जागा उत्तम होती. पण क्लबला आपल्या वाट्याचे पैसे उभे करता आले नाहीत आणि २००३ मध्ये ही योजना बारगळली.

दुसरी जागा कर्बी. हे गाव शहराच्या हद्दीबाहेर, शेजारच्या पालिकेत येतं. तिथे स्टेडियमसोबत एक भलंमोठं सुपरमार्केट उभं राहणार होतं आणि त्यातून मैदानाच्या खर्चाला हातभार लागणार होता. २००७ मध्ये क्लबने आपल्या चाहत्यांचं मत घेतलं. सुमारे ५९ टक्के लोक हो म्हणाले. पण उरलेले गप्प बसले नाहीत. ‘आमचा क्लब आमच्याच शहरात राहिला पाहिजे,’ असं म्हणत त्यांनी संघटना केली. आजूबाजूच्या पालिकांनीही हरकत घेतली. एवढं मोठं दुकान आलं तर आमच्या गावांतल्या बाजारपेठा ओस पडतील, असं त्यांचं म्हणणं होतं. सरकारने जनसुनावणी घेतली. दोन्ही बाजूंचं ऐकलं, कागद तपासले आणि नोव्हेंबर २००९ मध्ये योजना नाकारली. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मतदानात बहुमत मिळालं होतं, पण मत फक्त चाहत्यांनी दिलं होतं. ज्यांच्या बाजारावर परिणाम होणार होता, त्यांना विचारलंच नव्हतं. त्यांचं म्हणणं सुनावणीत पुढे आलं.

तिसरी जागा वॉल्टन हॉल पार्क, जुन्या मैदानाजवळची मोठी सार्वजनिक बाग. २०१४ मध्ये ही योजना जाहीर झाली आणि आसपासचे रहिवासी उभे राहिले. आमची मुलं इथे खेळतात, म्हातारी माणसं इथे फिरतात, ही जागा रिकामी आहे असं कोण म्हणतं? हा त्यांचा सवाल होता. २०१६ मध्ये ही योजनाही सोडून द्यावी लागली.

चौथी जागा ब्रॅमली-मूर डॉक, शहराच्या उत्तरेची, १८४८ साली सुरू झालेली गोदी. इथे कुणाचं घर नव्हतं की बाग नव्हती. त्या भागात गरिबी होती, कामधंदा हवा होता. पण वाद इथेही झाला. लिव्हरपूलचा हा बंदराचा भाग २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत होता. गोदीचं पाणी बुजवून स्टेडियम बांधलं तर वारसा जाईल, असं जाणकारांनी सांगितलं. दुसरी बाजू म्हणाली, नुसता वारसा घेऊन काय करायचं, इथे माणसं परत आली पाहिजेत. फेब्रुवारी २०२१ मध्ये शहराच्या पालिकेने एकमताने परवानगी दिली. त्याच वर्षी जुलैमध्ये युनेस्कोने लिव्हरपूलचं नाव यादीतून काढून टाकलं. बंदरावरच्या नव्या बांधकामांमध्ये या स्टेडियमचाही उल्लेख होता. यादीतून नाव कमी झालेलं जगातलं हे तिसरंच ठिकाण.

समुद्रातून उपसलेली वाळू भरून गोदी बुजवली. गोदीच्या जुन्या दगडी भिंती खाली तशाच राखल्या, जुना मनोरा दुरुस्त करून ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथे क्लबचा पहिला मोठा सामना झाला. सुमारे ५३ हजार माणसं बसतील एवढं ते मैदान आहे.

मग जुन्या गुडिसनचं काय? आधी ते पाडून घरं आणि लोकोपयोगी इमारती बांधायचा विचार होता. पण २०२५ मध्ये क्लबने ठरवलं की हे मैदान आता महिलांच्या संघाचं होईल. ही बातमी आपल्यासाठी का मोठी, तेही सांगतो. २६ डिसेंबर १९२० रोजी याच गुडिसनवर महिलांचा एक सामना झाला होता. तो बघायला ५३ हजार लोक आले आणि हजारो बाहेर राहिले. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांच्या मैदानांवर महिलांना खेळायला बंदी घातली. हा खेळ बायकांना शोभत नाही, असं कारण दिलं. ती बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. मैदान होतं तिथेच होतं, फक्त बायकांसाठी त्याचं फाटक बंद झालं. म्हणून जागा ठरवताना ती कुठे एवढंच विचारून भागत नाही. ती कोण वापरणार, हेही आधीच ठरवून घ्यावं लागतं.

या सगळ्या वादातून आम्ही पाच प्रश्न बाजूला काढले आहेत. पैसे कोण देणार? तिथे पोचायचं कसं, पायी किती वेळ लागेल? जागा रिकामी म्हणतात, ती खरंच रिकामी आहे का? नवं आलं की जुन्या जागेचं काय होणार? आणि ज्यांच्यावर परिणाम होईल, त्या सगळ्यांना विचारलं का?

महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. ती सभा कागदावर उरकू देऊ नका. गावात समाजमंदिर, टाकी, खेळाचं मैदान, काहीही येणार असेल तर हे पाच प्रश्न तिथे मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या. बांधकामाचं साहित्य येऊन पडल्यावर विचारलं तर ती तक्रार ठरते. आधी विचारलं तर तेच आपलं मत म्हणून नोंदवलं जातं. या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हे प्रश्न वाचून दाखवा, आणि आपल्या गावातली पुढची जागा कोणती ठरायची आहे ते सगळ्यांना विचारा.