हात न लावणारे सहा जण

मिरज तालुक्यात पकड शिकवायची म्हटलं की नजर आजही आधी तालमीकडे जाते. त्यात नवल नाही. हिंदकेसरी मारुती माने याच तालुक्यातल्या कवठेपिरानचे, आणि कुस्तीचा अभिमान इथे घराघरांत आहे. शाळेचा कबड्डी संघ निवडताना अंगापिंडाने भरलेला, पट काढता येणारा मुलगा दिसला की "हा आपला कॉर्नर" असं तिथल्या तिथे ठरून जातं. मुलांच्या सरावातला सर्वांत मोठा गैरसमजही तिथेच सुरू होतो: पकड हे एका तगड्या गड्याचं काम, बाकीच्यांनी फक्त मदतीला धावायचं.

कुस्तीत समोर एकच माणूस असतो आणि पाठीमागे कुणी नसतं. कबड्डीत एका चढाईपटूसमोर सात जण उभे असतात. चढाई 30 सेकंदांची. त्यातली प्रत्यक्ष झटापट दोन-तीन सेकंदांत आटपते. उरलेल्या वेळात चढाईपटूला कुणाचाही हात लागलेला नसतो. त्या वेळात कोण कुठे सरकलं, कुणी कुठली वाट बुजवली, यावरच पकड होणार की सुटणार हे बरंचसं ठरलेलं असतं. फुटबॉल, हॉकी, लॅक्रॉस या खेळांत चेंडू जवळ नसलेल्या खेळाडूने काय करायचं, हे लहानपणापासून वेगळं शिकवतात. कबड्डीत चेंडू नाही म्हणून ही शिकवण नको, असं आपण गृहीत धरून बसलो आहोत.

एक हिशेब मुलांसमोर खडूने मांडून दाखवावा. पुरुषांचं मैदान 13 बाय 10 मीटर. दोन्ही बाजूंची एकेक मीटरची लॉबी झटापट सुरू होईपर्यंत वापरता येत नाही, म्हणजे राखायची रुंदी 8 मीटर. निदान रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर, बोनस रेषा त्याच्या एक मीटर मागे. समजा डाव्या कोपऱ्यातल्या मुलाने निदान रेषेजवळ चढाईपटूचा चवडा अचूक धरला. चढाईपटूला परतायला उरले पावणेचार मीटर. साडेपाच फुटांचा मुलगा हात ताणून पुढे पडला तर त्यातले दोन मीटर तिथेच संपतात. आता राहिला एक जोराचा रेटा. कव्हरचा, म्हणजे आतल्या बाजूने वाट अडवणारा, खेळाडू तोवर समोर आला नसेल, तर कोपऱ्यातल्या मुलाची पकड कितीही पक्की असो, चढाईपटू त्याला ओढत रेषेला हात लावतो. मैदानाबाहेरून मात्र ओरडा होतो, "चवडा सुटला!" खरं तर कव्हर उशिरा पोहोचलेला असतो, आणि उशिरा पोहोचतो कारण चढाईपटू डावीकडे वळला तेव्हा तो जागचा हललेलाच नसतो.

दुसरी समजूत इतकी रुजलेली आहे की ती मोडायला पूर्ण हंगाम जातो: दोघांत कायम सारखं अंतर ठेवायचं आणि साखळी सोडायची नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचे दोन्ही हात पसरले तर साधारण त्याच्या उंचीइतकी, म्हणजे 1.6 मीटरच्या आसपास जागा व्यापते. सात जणांची मिळून ती 11 मीटरांवर जाते, आणि राखायची रुंदी आठच मीटर. म्हणजे सात जण असताना अडचण असते गर्दीची. एकमेकांच्या पायांत पाय येतात, मागच्याला पुढचं दिसत नाही, दोघे एकाच क्षणी एकाच पायावर झेपावतात. तीनच जण उरले की चित्र उलटं होतं. तिघांचे हात मिळून पाच मीटरही भरत नाहीत, तीन मीटरांहून जास्त जागा उघडी राहणारच. ती कुठे उघडी ठेवायची, हे बचाव करणाऱ्यांनी ठरवायचं असतं. आपण ठरवलं नाही तर चढाईपटू ठरवतो. तिघांना सारख्या अंतरावर उभं केलं की ठिकठिकाणी लहान लहान भोकं पडतात आणि कुठलंच राखता येत नाही. त्याऐवजी दोघांनी जवळ राहून एक बाजू घट्ट धरली आणि तिसऱ्याने लांबच्या कोपऱ्यातून आत सरकत यायचं ठेवलं, तर चढाईपटूला कुठे न्यायचं हे निदान आपल्या हातात राहतं. तीन किंवा त्याहून कमी खेळाडूंनी केलेल्या पकडीला एक गुण जास्त मिळतो, म्हणून ही मांडणी स्वतंत्रपणे घोटून घ्यायलाच हवी. बहुतेक शाळांच्या सरावात सातच्या सात जण कायम मैदानात असतात. तीन-चार जणांचा सराव होतच नाही.

मुलींचं मैदान 12 बाय 8 मीटर, म्हणजे लॉबी वगळून रुंदी सहाच मीटर. तिथे सात जणींची गर्दी आणखी दाट. मुलांना शिकवलेली मांडणी तशीच मुलींना लावणं म्हणूनच चुकीचं आहे. किशोर गटाचं मैदान त्याहून आखूड, 11 बाय 8. मैदान बदललं की पावलं बदलतात, आणि हे दर वयोगटात नव्याने शिकवावं लागतं.

साखळीचं सांगायचं तर ती वाईट नाही. कोपरा आणि त्याच्या शेजारचा, दोन कव्हर, अशा जोड्यांनी हात धरले की एकमेकांचा अंदाज न बघता येतो, आणि लहान मुलांना त्याचा फार आधार वाटतो. पण साखळी एकत्र सरकण्यासाठी असते. हात इतका घट्ट धरला की जोडीदाराला झेपावताच येऊ नये, तर तिचा उपयोग चढाईपटूलाच. हात कधी सोडायचा हे, कधी धरायचा याच्याइतकंच शिकवावं लागतं.

"मागे उभं राहिलं की सुरक्षित" हेही अर्धंच खरं, आणि याचं उत्तर मैदानात किती जण आहेत त्यावर अवलंबून आहे. सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस चालू असतो. मोठ्या मैदानात बोनस रेषेच्या मागे पावणेदोन मीटर उरतात. सगळे तिथे जाऊन चिकटले तर चढाईपटू आरामात पाय टाकतो, मागचा पाय उचलतो आणि कुणाला हात न लावता गुण घेऊन जातो. पाच किंवा त्याहून कमी जण असले की बोनस नाही. पण निदान रेषा ओलांडल्याशिवाय किंवा कुणाला स्पर्श केल्याशिवाय चढाईपटूला परतता येत नाही. तसा परतला तर तोच बाद. त्याला आत यावंच लागणार. अशा वेळी मागे सरकणं शहाणपणाचं असतं. लहान मुलांना मात्र बाहेरून एकच हाक ऐकू येते, "पुढं हो, भितोस काय!" भीतीचा इथे काही संबंध नाही. सहावा आणि पाचवा खेळाडू यांच्यामधली ही रेघ दहा वर्षांच्या मुलालाही समजते, समजावणारा हवा.

मदतीला सगळ्यांनी धावलं पाहिजे, ही आणखी एक चुकीची शिकवण. नियम सरळ आहे: झटापटीत ज्यांचा चढाईपटूला स्पर्श झाला ते सगळे, तो परत पोहोचला तर बाद. एक गुण जाणार होता तिथे उशिरा टाकलेल्या दोन हातांमुळे तीन जातात. आणि मैदानाबाहेर गेलेल्या बचावपटूने धरलं, तर ती पकड धरलीच जात नाही. उलट तो स्वतः बाद होतो. पोहोचता येणार नसेल तर हात मागे घ्यायचा आणि परतीच्या वाटेवर उभं राहायचं. मुलांना हे जड जातं, कारण न धावणारा मुलगा कामचुकार दिसतो.

लॉबीला रिकामी जागा समजणाऱ्यांनी 2023 च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना मुलांना दाखवावा. भारत-इराण 28-28 अशी बरोबरी, शेवटचं एखाद-दीड मिनिट बाकी. पवन सेहरावत स्पर्श न करता लॉबीत गेला, त्याच्यामागे इराणचे बचावपटूही गेले. कोण बाद, किती गुण, यावरून सामना बराच वेळ अडकला. अखेर भारत 33-29 असा जिंकला. निर्णयावर मतभेद असू शकतात. पण अख्खा सामना रेषेबाहेर गेलेल्या पावलांवर येऊन थांबला.

इराणचाच दाखला आणखी एका समजुतीसाठी महत्त्वाचा आहे: ही शिस्त आपल्या मातीतली नाही, ती परदेशी संघांना जमते. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत इराणच्या पुरुषांनी उपांत्य सामन्यात भारताला 27-18 असं हरवलं आणि त्यांच्या महिलांनी अंतिम सामना 27-24 असा जिंकला. त्या महिला संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. म्हणजे ते ज्ञान इथून तिकडे गेलं होतं. इथल्या मैदानांवर ते मुलांपर्यंत पोहोचत नसेल, तर त्यात मातीचा दोष नाही.

राहिला प्रश्न ताकदीचा. "आधी अंग कमवा, डावपेच नंतर" असं म्हणणारे विसरतात की किशोर आणि कुमार गटांना वजनाची मर्यादा असते. समोरचा संघही त्याच वजनात बसलेला. ताकदीतला फरक जिथे नियमानेच कमी केलाय, तिथे उभं राहण्यातला फरक जास्त बोलतो. शिवाय वाढत्या वयातल्या गुडघ्यांना रोज शंभर झेपा झेपत नाहीत. हालचालीच्या सरावात झेप नसतेच, म्हणून तो पावसाळ्यात शाळेच्या सभागृहात, खडूच्या रेषांवरही चालतो. तालुक्याच्या शालेय स्पर्धा जवळ आलेल्या असतात तेव्हाच नेमकी मैदानं चिखलाने भरतात.

पद्धत अवघड नाही. चढाईपटूने 30 सेकंद फक्त फिरायचं, कुणीही धरायचं नाही. मध्येच शिट्टी वाजली की सगळे जागच्या जागी थांबतात. मग प्रश्न विचारायचे, आणि ते मुलांनाच विचारायचे: आत्ता डाव्या कॉर्नरने चवडा धरला तर समोर कोण येईल? लांबचा कॉर्नर आत सरकलाय का, की रेषेवर उभा राहून बघतोय? तुझ्या शेजारचा तुला दिसतो का? पहिले काही दिवस मुलं कंटाळतात, कारण धरायला मिळत नाही. नंतर धरायची मुभा फक्त एकालाच द्यायची, आणि तो कोण हे चढाईपटूला सांगायचं नाही. बाकीच्या सहांनी त्याच्यासाठी वाट तयार करायची. त्यानंतर सातचे पाच, पाचचे तीन. आणि बोलणं सक्तीचं: मागच्याला सगळं मैदान दिसतं, त्याने हाक दिलीच पाहिजे. लाजाळू मुलगा इथेच पहिल्यांदा संघाचा होतो.

चढाईचं आकर्षण मुलांना राहणारच, आणि राहावंही. कासेगावचा काशिलिंग आडके 2015 च्या प्रो कबड्डीत चढाईच्या गुणांत सगळ्यांच्या पुढे होता. सांगली जिल्ह्याचाच नितीन मदने 2014 च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. गुणफलकावर चढाई दिसते, पकड दिसते. वाट अडवणाऱ्याचं नाव कुठेच लिहिलं जात नाही, म्हणून निवडीच्या दिवशी तोच मुलगा राखीव खेळाडूंत बसतो. प्रशिक्षकांनी आपल्या वहीत आणखी दोन रकाने आखावेत. एकात, कुणाच्या वेळेवर सरकण्यामुळे चढाईपटू माघारी वळला. दुसऱ्यात, कुणाचा उशिरा टाकलेला हात फुकट गेला. चार-पाच सराव सामन्यांनंतर त्या वहीतून निघणारा संघ आणि अंगापिंडावरून काढलेला संघ शेजारी मांडून बघावेत, आणि निवडीची यादी त्यानंतर लिहावी.